वाट पाहण्याची कार्यक्रमपत्रिका

वर्षातून एकदा कॅथलिक चर्च आपल्या माणसांना असं एक काम सांगतं, ज्यात करण्यासारखं फारसं काही नसतं. नाताळाआधीचे चार रविवार आणि त्यांच्या अधले-मधले दिवस म्हणजे आगमनकाळ, आणि त्यात वाट पाहायची असते. ही वाट पाहणंही तसं सोयीचं. संत आंद्रियाचा सण ३० नोव्हेंबरला. त्याच्या सगळ्यात जवळचा रविवार हा आगमनकाळाचा पहिला रविवार. म्हणजे हा काळ २७ नोव्हेंबरच्या आधी लागत नाही, ३ डिसेंबरच्या पुढे जात नाही, आणि २५ डिसेंबर कोणत्या वारी येतो त्याप्रमाणे २२ ते २८ दिवसांत संपतो. कोण येणार ते ठाऊक, केव्हा येणार ते ठाऊक, कुठे येणार तेही ठाऊक. इतक्या खात्रीची वाट पाहायला मिळणं ही चैनच म्हणायची. तरीही वसईत नंदाखालपासून रमेदीपर्यंत कुठल्याही धर्मग्रामात डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात जाऊन पाहावं, वाट पाहणारा माणूस दिसणार नाही. सगळे कुठून तरी कुठे तरी निघालेले असतात, आणि विचारलं तर म्हणतात, "आध्यात्मिक तयारी चालू आहे."

या तयारीबद्दल दरवर्षी एक ठरलेली तक्रार ऐकू येते. बाजाराने नाताळ पळवला, मॉलमध्ये नोव्हेंबरातच सांताक्लॉज उभा राहतो, मुलांना बाळ येशूपेक्षा सेलची तारीख जास्त पाठ असते, वगैरे. तक्रार खोटी नाही, पण ती सोयीची आहे, कारण तिच्यात आरोपी नेहमी चर्चच्या आवाराबाहेरचा असतो. मला वाटतं, आगमनकाळाचं गणित मुळात वजाबाकीचं आहे आणि आपण ते दरवर्षी बेरजेने सोडवतो. ही बेरीज मॉल करत नाही. ती पॅरिश कौन्सिलच्या बैठकीत, चहा-बिस्किटांच्या साक्षीने, एकमताने मंजूर होते.

वजाबाकी कुठे आहे ते उपासनेतच पाहावं. या चार रविवारी मिस्सेत गौरवगीत गात नाहीत. ते नाताळच्या रात्रीसाठी राखून ठेवलेलं असतं. फादरांच्या अंगावर पांढरा किंवा सोनेरी झगा नसतो, जांभळा असतो. तिसऱ्या रविवारी तेवढी गुलाबी रंगाची सूट मिळते, आणि वर्षातून अशा दोनच रविवारी हा रंग वापरायला मुभा असल्याने प्रत्येक सॅक्रिस्टीत एकदा तरी वाद होतो, की हाती आलेला झगा गुलाबी आहे की धुऊन धुऊन विटलेला जांभळा. मिस्साग्रंथाच्या नियमांत तर स्पष्टच म्हटलं आहे, की आगमनकाळात वेदीवरची फुलं आणि ऑर्गनचं वादन दोन्ही बेताने असावीत. गोठ्यातली गव्हाण २४ तारखेच्या रात्रीपर्यंत रिकामी ठेवायची. शिवाय चर्चचं नवं वर्ष सुरू होतं ते याच पहिल्या रविवारी, आणि तेही इतक्या गुपचूप, की कोणी कोणाला शुभेच्छा देत नाही, फटाका फुटत नाही, व्हॉट्सअ‍ॅपवर गुलाबाचं फूल येत नाही. अख्ख्या भारतात एवढं शांत नववर्ष दुसरं नसेल. गाणं काढा, फुलं काढा, रंग काढा, बाळसुद्धा अजून ठेवू नका: जिने हा काळ बेतला, ती चर्चमाता हळूहळू खोली रिकामी करत होती. रिकाम्या खोलीत पाहुण्याला बसायला जागा होते, एवढा साधा तिचा हिशेब.

आता त्या खोलीचं आपण काय करतो, याचा अस्सल पुरावा म्हणजे मिस्सेच्या शेवटच्या सूचना. आगमनकाळाचं साहित्य म्हणून कोणी अभ्यासायचं ठरवलं, तर प्रवचनांपेक्षा या सूचना अभ्यासाव्यात. पहिल्या रविवारच्या शुभवर्तमानाचा विषय नाताळ नसतोच. तो असतो जगाचा शेवट. तीन वर्षांच्या फेऱ्यात मत्तय, मार्क, लूक अशी पाळी बदलते, पण सांगणं एकच: जागे राहा, घटका सांगून येत नाही. मत्तयाच्या पाळीला नोहाच्या काळची माणसं येतात, जी खाण्यापिण्यात आणि लग्नकार्यात रमली असताना पूर आला. फादर हे सगळं गंभीरपणे सांगतात, लोक गंभीरपणे ऐकतात, मागच्या बाकांवरची कुजबुजही थांबते. मग सूचना सुरू होतात. गोठा-स्पर्धेच्या प्रवेशिका बुधवारपर्यंत ऑफिसात द्याव्यात. नाताळगीतांच्या स्पर्धेत प्रत्येक वाडीतून किमान १० गायक हवेत. शुक्रवारी तरुणांसाठी साधना, शनिवारी विवाहितांसाठी साधना, रविवारी दुपारी उरलेल्यांसाठी. वृद्धांना केक वाटण्याच्या गटाची बैठक गायकवृंदाच्या तालमीनंतर, आणि तालीम नोव्हेनानंतर, म्हणजे नऊ दिवसांच्या प्रार्थनेनंतर. जगाचा शेवट कोणत्या घटकेला होईल हे पित्यावाचून कोणालाही ठाऊक नाही, असं दहा मिनिटांपूर्वीच ऐकलेला समुदाय वह्या काढून ८ ते २३ डिसेंबरपर्यंतच्या संध्याकाळी भरून घेतो. यात कोणाला विसंगती वाटत नाही, हे मला त्या समुदायाच्या श्रद्धेचं लक्षण वाटतं. जगाने निदान बक्षीस समारंभापर्यंत थांबावं एवढी अपेक्षा त्यामागे असते.

या सगळ्या कार्यक्रमांत एकच असा आहे, ज्यातून माणूस येताना आणलेल्यापेक्षा कमी घेऊन घरी जातो, आणि तो म्हणजे कन्फेशन. वजाबाकीचा संस्कार म्हणावा तर हाच. म्हणून आपण त्याचं काय केलं आहे ते जरा थांबून पाहण्यासारखं आहे. नाताळाआधी एक संध्याकाळ ठरवतात, आजूबाजूच्या धर्मग्रामांतले फादर बोलावतात, आणि आवारात सहा ठिकाणी खुर्च्या मांडतात. माणशी तीन मिनिटं धरली तरी सहा फादर दोन तासांत २४० जणांना मोकळं करतात. हिशेब चोख आहे आणि हिशेबच आहे. रांगांचं शास्त्र तर वेगळंच. आपल्या धर्मग्रामाच्या फादरांपुढे दोन आज्या आणि पहिल्यांदाच आलेली चौथीची मुलं. पाहुण्या फादरांची रांग ग्रोटोला वळसा घालून सायकल स्टँडपर्यंत. कारण उघड आहे: पाप देवाला ठाऊक असणं परवडतं, उद्या दुकानात भेटणाऱ्या माणसाला ते ठाऊक असणं परवडत नाही. जाणकार लोक त्यातूनही कमी ऐकू येणारे वयोवृद्ध फादर हेरून ठेवतात. फक्त नवख्यांना एक गोष्ट ठाऊक नसते, की ज्याला कमी ऐकू येतं तो स्वतः मोठ्याने बोलतो, आणि त्याचा "किती वेळा?" हा प्रश्न पाचव्या रांगेपर्यंत पोचतो. पण विनोद बाजूला ठेवला तरी मुद्दा राहतो. या संस्कारात खरा वेळ लागतो तो फादरांपुढे नव्हे, त्याआधी: एकट्याने बसून वर्षाकडे मागे वळून पाहण्यात. तो वेळ पत्रिकेत कुठेच नसतो. आत्मपरीक्षण रांगेत उरकतं, आणि रांगेत पुढची बाई मागे वळून विचारते, "केकची अंडी कुठून घेतलीस गं?" मग वर्षभराच्या पापांतली निम्मी त्या अंड्यांच्या भावापाशी विसरली जातात.

गोठ्याचीही हीच कथा. नाताळचा गोठा म्हटला की सगळे आठवण काढतात ती असिसीच्या संत फ्रान्सिसची. त्याने १२२३ साली इटलीतल्या ग्रेचो गावी नाताळच्या रात्री जे मांडलं त्यात गव्हाण होती, चारा होता, एक बैल आणि एक गाढव होतं, आणि त्या गव्हाणीवर मिस्सा झाली. संपलं. आजच्या स्पर्धेत हा गोठा उतरवला असता, तर परीक्षकांनी शेरा मारला असता: 'कल्पना चांगली, परंतु साहित्य अपुरं. धबधबा नाही. प्रकाशयोजना नाही.' आपल्याकडच्या गोठ्यात धबधबा असतो, पवनचक्की असते, फिरणारी आगगाडी असते, आणि बेथलेहेमच्या डोंगरावर थर्माकोलचं बर्फ पडलेलं असतं. तीन राजे तर पूर्वेकडून निघून ६ जानेवारीच्या सुमारास पोचायचे. पण आमच्याकडे ते १५ डिसेंबरलाच उंटांसकट हजर होतात आणि रिकाम्या गव्हाणीकडे टक लावून उभे राहतात. अख्ख्या देखाव्यात वाट पाहणारे तेवढेच, आणि त्यांनाही स्पर्धेच्या तारखेमुळे लवकर यावं लागलेलं. गोठा करू नये असं मी म्हणत नाही. पोरं महिनाभर मोबाइल ठेवून चिखलात हात घालतात, ही मोठीच गोष्ट आहे. पण गुणांकनाच्या तक्त्यात 'रिकामेपणा' नावाचा रकाना नसतो, एवढं नोंदवून ठेवतो.

पहिला आक्षेप मला ठाऊक आहे, कारण तो वर सांगितलेल्या तक्रारीतच दडलेला आहे: ही सगळी आधुनिक काळाची, बाजाराची लागण आहे, पूर्वीचे लोक खरोखर वाट पाहायचे. पूर्वीचे म्हणजे कधीचे? पाचव्या शतकाच्या शेवटी फ्रान्समधल्या तूर शहराचा बिशप पर्पेत्युस याने नियम घातला, की संत मार्टिनच्या सणापासून, म्हणजे ११ नोव्हेंबरपासून, नाताळपर्यंत आठवड्यातले तीन दिवस उपास करावा. उपासाचा काळ लागणार म्हटल्यावर त्याआधीच्या दिवशी लोकांनी काय केलं असेल, हे ज्यांनी श्रावणाच्या तोंडावर गटारी पाहिली आहे त्यांना सांगायला नको. मार्टिनच्या सणाला हंस भाजून खायची प्रथा युरोपात पडली ती अशी, आणि गंमत अशी की उपास कधीच सुटला, हंस अजून चालू आहे. जर्मनीत आजही ११ नोव्हेंबरच्या आसपास तो ताटात येतो. म्हणजे संयमाचा नियम आणि त्याची कसर काढण्याची सोय ही जुळी भावंडं, आणि दोघांत जास्त जगलं कोण ते उघड आहे. यात मॉलचा हात कुठे दिसत नाही.

त्याहून बोलका पुरावा म्हणजे चार मेणबत्त्यांचं ते हिरवं कडं, जे आज प्रत्येक चर्चमध्ये वेदीशेजारी असतं आणि ज्याच्याकडे बोट दाखवून फादर 'प्रतीक्षेचं प्रतीक' असं सांगतात. ते कॅथलिकांचं नव्हेच. हांबुर्गमध्ये योहान हिन्रिख विखर्न नावाचा लुथरन पाळक गरीब मुलांचा आश्रम चालवत होता. ती मुलं आगमनकाळात रोज विचारायची, नाताळ कधी, नाताळ कधी. त्यांना एकदाचं उत्तर मिळावं म्हणून त्याने १८३९ साली गाडीचं जुनं चाक टांगून त्यावर मेणबत्त्या लावल्या, असं सांगतात: रविवारच्या मोठ्या पांढऱ्या, बाकीच्या दिवसांच्या छोट्या लाल. रोज एक पेटवायची, मुलांनी उरलेल्या मोजायच्या. कॅथलिक चर्चमध्ये ती पद्धत विसाव्या शतकात आली. म्हणजे प्रतीक्षेचं हे प्रतीक जन्मलं ते ज्यांना मुळीच प्रतीक्षा करवत नव्हती त्यांच्यासाठी. आगमनकाळाच्या दिनदर्शिकेचंही तेच. गेर्हार्ट लांग याने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला म्युनिकमध्ये ती छापायला घेतली. लहानपणी त्याची आई पुठ्ठ्यावर २४ गोड बिस्किटं लावून द्यायची, रोज एक खायला, आणि त्या आठवणीतून दिनदर्शिका सुचली, अशी कथा आहे. चॉकलेटच्या कंपन्या पुढे आल्या. आधी आली ती आई. तेव्हा बाजाराने आपल्याला अधीर केलं हे खरं नाही. अधीर आपण होतोच. बाजाराने तेवढं पाहून दुकान टाकलं.

मग प्रश्न पडतो, की हीच माणसं उपासकाळ मात्र बऱ्यापैकी का पाळतात? होळीच्या आगेमागे ईस्टरआधीचे ४० दिवस सुरू झाले की वसईत मटणवाल्याचा चेहरा उतरतो, शुक्रवारी मासे नाहीतर शेवग्याच्या शेंगा, कोणी दारू सोडतं, कोणी सिगारेट, आणि कोणी दोन्ही सोडून चिडचिड धरतं. कारण सरळ आहे: उपासकाळाला नियमाचा कणा आहे. राखेचा बुधवार, शुभ शुक्रवार, मांस वर्ज्य, उपास, सगळं लेखी आहे. आगमनकाळाचा उपास काळाच्या ओघात गळून गेला, जांभळा रंग तेवढा मागे राहिला. पोटाला काही त्रास नाही, आणि मनाला काय करायचं ते नक्की ठाऊक नाही, अशा अवस्थेत माणूस दोनच गोष्टी करतो: खातो, किंवा समिती नेमतो. आपण दोन्ही करतो. चर्चने इथे वजाबाकीचं चिन्ह ठेवलं, पण काय वजा करायचं तो आकडा पुसला. आणि चिन्ह एकटं दिसलं की त्यात एक उभी रेघ मारून त्याची बेरीज करायला कितीसा वेळ लागतो?

दुसरा आक्षेप जास्त भारी आहे आणि तो फादरांच्या तोंडून येतो. ते म्हणतात, कार्यक्रम नसले तर लोक येणारच नाहीत. वाट पाहा म्हटलं, तर घरी बसून मालिका पाहतील. निदान नाताळगीतांच्या निमित्ताने तरी पोरं चर्चची पायरी चढतात. यात तथ्य आहे, आणि गायकवृंदाच्या तालमीविरुद्ध माझी काही तक्रार नाही. त्या तालमीत एकच ओळ चाळीसदा म्हणायला लावतात, तेव्हा धीर धरण्याचं शिक्षण आपोआपच होतं. वृद्धांच्या घरी जाणं, गरजूंना धान्य पोचवणं, याविरुद्ध बोलणारा मी कोण? नदीकाठी उभा राहून बाप्तिस्मा करणारा योहान दुसऱ्या-तिसऱ्या रविवारी येतो तेव्हा हेच सांगतो, दोन अंगरखे असतील तर एक द्या. पण योहान उंटाच्या केसांचं वस्त्र नेसून टोळ आणि रानमध खाऊन राहत होता, म्हणजे आधी स्वतःचं वजा करून मग तो बोलत होता. आणि त्याच्यामागे लोक शहरातून उठून थेट रानात गेले, जिथे एकही कार्यक्रम नव्हता. तेव्हा माणसं कार्यक्रमालाच येतात, हे सिद्ध व्हायचं आहे. कार्यक्रमाला येणारी माणसं कार्यक्रमाला येतात, एवढं सिद्ध आहे.

हा सगळा वसईचाच दोष आहे असं मानून कोणी खूश होऊ नये. गोव्यात आगमनकाळ लागतो तोच ऐन फेस्तांच्या गर्दीत. जुन्या गोव्यात संत फ्रान्सिस झेवियरची नोव्हेना २४ नोव्हेंबरला सुरू होऊन ३ डिसेंबरला सण. मग पाच दिवसांत ८ डिसेंबरला पणजीच्या पांढऱ्या पायऱ्यांच्या चर्चचं फेस्त, खाजं आणि चणे आणि प्लास्टिकच्या बादल्यांच्या दुकानांसह. दर दहा वर्षांनी संताच्या अवशेषांचं प्रदर्शन भरतं. मागचं २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ असं चाललं, म्हणजे त्या साली आगमनकाळ आधी-नंतरच्या दिवसांसकट त्या गर्दीत बुडाला. फिलिपिन्समध्ये १६ ते २४ डिसेंबर रोज पहाटेच्या अंधारात मिस्सा असते, झोप मोडून लोक जातात, आणि बाहेर पडताच दारात गरमागरम बिबिंग्का, म्हणजे तांदळाचा केक, तयार असतो. झोपेची वजाबाकी आणि खाण्याची बेरीज: हा व्यवहार मला तरी बराच प्रामाणिक वाटतो.

खरी परीक्षा झाली ती २०२३ साली. त्या वर्षी नाताळ सोमवारी आला, त्यामुळे आगमनकाळाचा चौथा रविवार आणि २४ डिसेंबर एकाच दिवशी पडले, आणि आगमनकाळ कमीत कमी, म्हणजे २२ दिवसांचा झाला. नियमाप्रमाणे सकाळी जांभळा रंग, चौथी मेणबत्ती, बेताची फुलं, रिकामी गव्हाण; आणि त्याच संध्याकाळी पांढरा रंग, गौरवगीत, सगळं झगझगीत. म्हणजे चौथ्या आठवड्याला प्रत्यक्षात दिवसही मिळाला नाही. फुलांच्या समितीला दुपारचे चार-पाच तास मिळत होते. नियम पाळायचा तर एवढ्यात चर्च उजळून काढायचं. झालं काय असेल, हे फुलवाल्यांना विचारावं. शनिवारी रात्रीच गुलछडी पोचलेली होती, असं ते सांगतील. पुढचा असा योग २०२८ साली आहे, आणि मला खात्री आहे की तोवर कोणीतरी चौथा आठवडाच ऑनलाइन घ्यायचा ठराव मांडेल. तसं पाहिलं तर मध्यरात्रीची मिस्साही आता मध्यरात्री नसते. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांमुळे रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक सहसा लावता येत नाही, म्हणून मुंबई-वसईत बऱ्याच ठिकाणी मध्यरात्र आठ-नऊच्या सुमारास उरकतात. दोष कायद्याचा आहे, हे मान्य. पण लवकर घरी जाऊन सोरपोटेलवर ताव मारता येतो, म्हणून कायद्याविरुद्ध मोर्चा निघाल्याचंही माझ्या ऐकिवात नाही.

तिसरा आक्षेप संसारी माणसांचा: वाट पाहणं हे मठातल्या सिस्टरांचं काम, आम्हाला घरदार आहे. यावर मात्र मी उलट उत्तर देईन. अख्ख्या धर्मग्रामात आगमनकाळ नियमाप्रमाणे कुठे पाळला जात असेल, तर तो स्वयंपाकघरात. मनुका आणि काजू रममध्ये बुडवून आठवडेच्या आठवडे झाकून ठेवतात, आणि कोणी झाकण काढलं की हातावर बसतं. कुलकुल म्हणजे कणकेची बोटाएवढी गोळी काट्याच्या पाठीवर नाहीतर नव्या कंगव्यावर दाबून वळवायची. शेकड्यांनी वळवाव्या लागतात, त्यात वेग चालत नाही, आणि वळणारे हात चालू असताना तोंड जपमाळ म्हणत असतं नाहीतर सुनेचा विषय. नेवऱ्या तळून डब्यात जातात आणि डबा कपाटावर. २५ तारखेआधी त्यातलं एकही उघड्यावर येत नाही. अन्न समोर आहे, भूक आहे, हात पोचतो आहे, आणि तरी नाही: पर्पेत्युस बिशपाला जे जमलं नाही ते कपाटावरच्या डब्याने जमवलं आहे. (नवऱ्याला रात्री दोन वाजता खुर्चीवर उभं राहून पकडलं जातं, हे खरं, पण मठांतही नियमभंग होत असतील.) गोम इतकीच, की ज्या बायका हे करतात त्यांनाच वेदीवरून सांगितलं जातं, मार्थेसारखी कामात गुंतू नका, मरियेसारखं येशूच्या चरणांपाशी बसा. मग त्या बसण्यासाठी साधना ठेवली जाते, साधनेला अल्पोपाहार लागतो, आणि अल्पोपाहाराची जबाबदारी महिला मंडळाकडे. मरिया होण्याच्या कार्यक्रमासाठी ८० समोसे तळणाऱ्या मार्थेची सोय कुठल्या शुभवर्तमानात आहे?

तेव्हा सूचना करायचीच तर एक छोटी करतो. आगमनकाळात एक मंगळवार रिकामा सोडावा. नोव्हेना नाही, तालीम नाही, बैठक नाही, साधना नाही. चर्चची दारं उघडी, दिवे मंद, ज्याला यायचं त्याने यावं, बसावं, जावं. पॅरिश कौन्सिलसमोर हा ठराव गेला तर तो एकमताने मंजूर होईल याबद्दल मला जराही शंका नाही, आणि भीती तीच आहे. पहिला प्रश्न येईल, रिकाम्या मंगळवारचा निमंत्रक कोण. मग तरुणांचा गट विचारेल, शांततेसाठी साउंड सिस्टिम लागेल का, म्हणजे आधी सांगून ठेवायला बरं. बॅनर लागेल, बॅनरवर बोधवाक्य लागेल, बोधवाक्यासाठी स्पर्धा घ्यावी लागेल. कोणीतरी सुचवेल की वाडीवार गटांनी पाळीपाळीने अर्धा अर्धा तास शांत बसावं आणि सर्वांत शांत वाडीला फिरता चषक द्यावा. त्यावर मागच्या वर्षी गोठ्यात डावलली गेलेली वाडी परीक्षक बाहेरचे हवेत असा आग्रह धरेल. महिला मंडळाची अध्यक्ष काही बोलणार नाही, फक्त माणसं किती धरायची एवढंच विचारेल. फादर मध्यस्थी करून 'फक्त चहा' असा तोडगा काढतील. आणि पुढच्या रविवारी, जगाच्या शेवटावरचं प्रवचन संपल्यावर, सूचनांच्या यादीत चौथ्या क्रमांकावर वाचलं जाईल: येत्या मंगळवारी संध्याकाळी सहा ते आठ या वेळेत कोणताही कार्यक्रम नाही, तरी सर्वांनी वेळेवर उपस्थित राहावं.